सहमालकीचं घर, स्त्रीधन आणि पोटगी: एका संमती घटस्फोटाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पुण्यातलं आहे. पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी यात पत्नीची वकील होते. पतीचे वकील वेगळे होते.

हे लिहिण्याचं कारण सांगते. घटस्फोटाच्या वाटाघाटींत सगळं भांडण "किती" यावर होतं. पैसे कधी, कुठल्या कागदाने आणि कुठल्या क्रमाने हातात येणार, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. या प्रकरणात तो आधी सोडवला गेला आणि त्यामुळेच एक घर वाचलं.

पार्श्वभूमी

लग्न २००७ सालचं. मुलगी २००९ची. पती खासगी कंपनीत अभियंता, हातात येणारा पगार महिना १,३५,०००. पत्नी एम.कॉम. मुलगी लहान असताना, २०११ मध्ये, तिने नोकरी सोडली. पुढे घरीच अकाउंटन्सीच्या शिकवण्या घ्यायला लागली. त्यातून महिना साधारण १८,००० सुटायचे.

२०१३ मध्ये दोघांनी ६० लाखांचा फ्लॅट घेतला. ४५ लाख गृहकर्ज, १५ लाख पदरचे. या १५ लाखांत पत्नीचे ६ लाख होते: नोकरीतला पीएफ, बचत आणि थोडं मोडलेलं सोनं. करारनाम्यावर दोघांची नावं, कर्जावरही दोघं. हप्ता ४२,००० आणि तो सगळा पतीच्या खात्यातून जायचा.

सप्टेंबर २०२० मध्ये पती वेगळा राहायला गेला. पत्नी आणि मुलगी फ्लॅटमध्येच राहिल्या. हप्ता तो भरत राहिला, मुलीसाठी महिना १०,००० पाठवत राहिला. पत्नीसाठी वेगळं काही नाही. मारहाण किंवा छळाची तक्रार नव्हती. दोघं एकमेकांशी बोलणं सोडून बरीच वर्षं झाली होती, एवढंच दोघांनीही मला आणि समुपदेशकांना सांगितलं. जून २०२१ मध्ये पत्नी पहिल्यांदा माझ्याकडे आली.

प्रश्न

तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, निम्मं तर मिळतंच ना?"

नाही मिळत. लग्नानंतर कमावलेली मालमत्ता घटस्फोटात अर्धी-अर्धी वाटायची असा कायदा आपल्याकडे नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा १९५५ चालतो. त्याचं कलम २७ लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंपुरतं आहे. बाकी मालमत्ता ज्याच्या नावावर, त्याची. पत्नीच्या हाती मुख्य आधार उरतो तो पोटगीचा: खटला चालू असताना कलम २४ खाली अंतरिम, निकालावेळी कलम २५ खाली कायमची.

म्हणजे ज्याला लोक "मालमत्तेची वाटणी" म्हणतात ती आपल्याकडे बहुतेक वेळा पोटगीच्या दारातूनच येते. पत्नीला घर हवं असेल तर ते पोटगीच्या बदल्यात मागायचं, आणि ते संमतीनेच सहज शक्य होतं. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट झालं नाही तर पुढची सगळी बोलणी चुकीच्या अपेक्षेवर उभी राहतात.

पतीचा सुरुवातीचा प्रस्ताव असा होता: फ्लॅट विकायचा, कर्ज फेडून उरलेलं अर्धं-अर्धं, मुलीला महिना १५,०००, आणि पत्नी शिकलेली असल्यामुळे तिला काही नाही. पत्नीची मागणी: कर्जमुक्त फ्लॅट, स्वतःला महिना ४०,०००, आणि साताऱ्याकडच्या शेतीत हिस्सा.

कागदावर काय होतं

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं असं ठरवून दिलं. आमचं प्रकरण तेव्हा न्यायालयात गेलेलंही नव्हतं, पण दोन्ही वकिलांनी ठरवलं की त्याच नमुन्यात माहिती आधी एकमेकांना द्यायची आणि मगच बोलायला बसायचं.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला आणि तो पत्नीचा होता. शिकवण्यांचे १८,००० लिहायचे की नाही? प्राप्तिकराचं विवरणपत्र ती भरत नव्हती, पैसे यूपीआयने यायचे. तिच्या भावाचं मत होतं की लिहू नये, नाहीतर पोटगी कमी होईल. मी तिला सांगितलं की बँकेच्या उताऱ्यावर प्रत्येक पालकाचं नाव दिसतंय. ते उद्या समोर आलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. तिने लिहिले. पत्नी कमावते म्हणून पोटगीचा हक्क संपत नाही, हे त्याच निकालात स्पष्ट केलेलं आहे. आणि झालं असं की तिचा कागद स्वच्छ आल्यावर पतीवरही दबाव आला. त्याच्या पहिल्या यादीत नसलेला वार्षिक बोनस आणि म्युच्युअल फंडाचे हप्ते दुसऱ्या यादीत आले.

शेवटी चित्र असं तयार झालं. फ्लॅटची किंमत रेडी रेकनरप्रमाणे (सरकारी दरपत्रकाप्रमाणे) ७१ लाख, दलालाच्या तोंडी ९५, सरकारमान्य मूल्यांककाच्या अहवालात ८८. आम्ही ८८ धरले. मधल्या काळात वेळोवेळी जादा रक्कम भरल्यामुळे कर्ज २२ लाखांवर आलं होतं, म्हणजे निव्वळ ६६ लाख. पतीच्या नावावर मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून १६ लाख, पीएफ १९ लाख. पत्नीच्या नावावर पीपीएफ ३ लाख. स्त्रीधनाचं सोनं २२ तोळे, पण ते होतं पती आणि सासूबाईंच्या संयुक्त लॉकरमध्ये.

शेतीचा सातबारा सासऱ्यांच्या नावावर. सासरे हयात. त्या जमिनीत सून म्हणून पत्नीला काही मागता येत नव्हतं. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, कारण विहिरीच्या खर्चासाठी तिच्या शिकवण्यांचे पैसेही गेले होते. ते परत मिळवण्यासारखा कागद काही नव्हता.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय भांडण्याचा. संमतीशिवाय घटस्फोटाचा दावा, त्यात अंतरिम पोटगी, सोबत फ्लॅटच्या मालकीचा वाद. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीच्या पोटगीसाठी योग्य मानली होती. हा पक्का नियम नाही, पण अंदाज बांधायला वकील तो आकडा वापरतात. त्या हिशोबाने महिना ३०,००० ते ३४,००० मिळण्याची शक्यता दिसत होती.

पण फ्लॅटचं काय? पतीचं म्हणणं होतं की हप्ते सगळे मी भरले, तिचं नाव कर्ज जास्त मिळावं म्हणून घातलं. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. करारनाम्यात हिस्सा लिहिलेला नव्हता, त्यामुळे सर्वसाधारणपणे दोघांचा निम्मा-निम्मा धरला जातो. पण बेनामी कायद्यात (एकाने पैसे देऊन दुसऱ्याच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेवर बंदी घालणाऱ्या) २०१६ च्या दुरुस्तीनंतरही, स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही अशी सवलत आहे. त्यामुळे पतीला "पैसा माझा, मालक मी" असा दावा करायची वाट मोकळी राहते. पत्नीचे ६ लाख दिसत होते. बाकीच्या बाबतीत वर्षानुवर्षं साक्षी-पुरावे चालले असते. तिने घर सांभाळलं, मूल वाढवलं, म्हणून तो हप्ते भरू शकला, ही गोष्ट मला निर्विवाद वाटते. मालकीच्या दाव्यात मात्र तिला वजन मिळवून देणं कठीण असतं.

दुसरा पर्याय पतीचा: विकून टाका. पत्नीच्या हातात ३३ लाख आले असते. हिशोब सर्वांत सोपा. पण त्या पैशात त्या भागात घर मिळत नव्हतं, मुलगी आठवीकडे चालली होती, आणि शिकवण्यांची मुलं त्याच सोसायटीतली होती. घर गेलं की १८,००० पण गेले. हा मुद्दा पतीच्या वकिलांना लगेच पटला, कारण पत्नीचं उत्पन्न शून्य झालं तर पोटगीचा आकडा वर जातो.

तिसरा पर्याय: पत्नीने फ्लॅटमध्ये राहायचं, मालकी दोघांची तशीच, पतीने हप्ता भरत राहायचा आणि वर मासिक पोटगी द्यायची. कागदावर हा सगळ्यांत उदार दिसतो. मला तो सगळ्यांत धोक्याचा वाटला. पुढची पाच-सहा वर्षं दोन विभक्त माणसं एका कर्जाने बांधलेली राहतात. एकाने हप्ता चुकवला की बँक दोघांनाही धरते. बँकेला घटस्फोटाच्या अटींशी देणंघेणं नसतं. ती त्यात पक्षकार नसते.

चौथा पर्याय हळूहळू आकाराला आला: पतीने आपला अर्धा हिस्सा पत्नीला द्यावा, कर्ज संपवावं, आणि त्या बदल्यात पत्नीने स्वतःची मासिक पोटगी सोडावी. मुलीचा खर्च पूर्ण वेगळा ठेवावा.

एकरकमी की मासिक

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता आणि पत्नीने त्यावर जवळपास दोन महिने घेतले.

हिशोब असा मांडला. फ्लॅटमधला पतीचा निव्वळ हिस्सा ३३ लाख. शिवाय तो कर्जापोटी १४ लाख भरणार. म्हणजे त्याच्याकडून तिच्याकडे ४७ लाख जातात. महिना ३०,००० धरले तर ही साधारण १३ वर्षांची पोटगी होते. पत्नी तेव्हा ४१ वर्षांची, पती ४४ चा. तो साठाव्या वर्षापर्यंत नोकरीत राहिला तर आणखी १६ वर्षं. वरवर पाहता मासिक पोटगी जास्त भरते.

पण मासिक पोटगीचा प्रत्येक रुपया पुढे मिळायचा असतो. नोकरी गेली, पगार घटला, तर कलम २५ खालीच ती कमी करून मागता येते. पत्नीने पुन्हा लग्न केलं तर ती थांबवता येते. थकली तर दरवेळी वसुलीचा अर्ज करायचा. करातही फरक आहे: मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालानुसार एकरकमी पोटगी भांडवली जमा (म्हणजे उत्पन्न नव्हे) धरली जाते, दरमहा मिळणारी उत्पन्न धरली जाते. दुसऱ्या बाजूने, एकरकमी घेतली की महागाई वाढली म्हणून परत जाता येत नाही, आणि घर मिळालं तरी घरातून वाणसामान येत नाही.

पत्नी स्वतःच म्हणाली, "मला दर महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या नावाचा मेसेज येतोय का ते बघत बसायचं नाही." मी तिला सांगितलं की ही भावना खरी आहे, पण निर्णय तिच्यावर घेऊ नका, आधी पुढच्या पाच वर्षांचा घरखर्च लिहून आणा. तिने आणला. सोसायटीचा देखभाल खर्च, मुलीचं शिक्षण, औषधपाणी, सगळं. त्यात दिसलं की कर्जाचा हप्ता नसेल आणि मुलीचे २०,००० नियमित आले तर तिची कमाई जेमतेम पुरते, आणि दोन वर्षांत तिला पूर्णवेळ काम शोधावं लागेल. ते तिला मान्य होतं. त्या यादीनंतरच तिने एकरकमीचा मार्ग पक्का केला.

पतीने हे का स्वीकारलं? त्याला पीएफ आणि उरलेली गुंतवणूक स्वतःकडे हवी होती आणि दरमहा ४२,००० च्या हप्त्यातून सुटका हवी होती. हप्ता आणि घरभाडं असं दुहेरी ओझं त्याने वर्षाहून जास्त काळ ओढलं होतं. त्याचा हा भार आमच्या बाजूने मोकळेपणाने मान्य केला गेला. त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला.

कर्जाचा पेच

पहिल्या मसुद्यात होतं की कर्ज पत्नीच्या एकटीच्या नावावर होईल आणि पती तिला रोख १४ लाख देईल. बँकेत विचारल्यावर कळलं की शिकवण्यांच्या उत्पन्नावर, विवरणपत्रांशिवाय, २२ लाखांचं कर्ज तिच्या नावावर होणार नाही आणि पतीचं नाव निघणार नाही. म्हणजे कर्ज पूर्ण बंद करणं हाच मार्ग उरला. पतीने १४ लाख द्यायचे, उरलेले ८ लाख पत्नीने उभे करायचे: पीपीएफमधून जमेल तेवढे, काही सोनं मोडून आणि भावाकडून उसने.

बँकेत ही चौकशी मसुदा लिहिण्याआधी व्हायला हवी. अटी ठरल्या, सह्या झाल्या आणि मग बँकेने नकार दिला, असं झालेल्या जोडप्यांना पुन्हा वाटाघाटींना बसण्याइतका विश्वास उरत नाही.

स्त्रीधन

सोन्याची बोलणी रकमेच्या मानाने फार तापली. कायदा इथे पत्नीच्या बाजूने स्वच्छ आहे. प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन ही तिची स्वतःची मालमत्ता, सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. माहेरून आलेलं आणि सासरहून घातलेलं, दोन्ही त्यात येतं. सासूबाईंचं म्हणणं होतं की आम्ही घातलेलं आमचं.

लग्नातले फोटो, सराफाच्या तीन पावत्या आणि पत्नीने आठवून केलेली यादी यांवरून दागिना-दागिना जुळवला. पाटल्यांवर गाडी अडली. त्या सासूबाईंच्या आईच्या होत्या. हक्काचा विचार केला तर त्या पत्नीला दिलेल्या होत्या. तिने त्या परत केल्या, कुणी न सांगता. त्यानंतर उरलेले दागिने त्याच आठवड्यात लॉकरमधून निघाले, वजन करून, दोघांच्या सह्यांची यादी करून. संयुक्त अर्ज दाखल होण्याआधीच हे पूर्ण केलं. सोनं "नंतर देऊ" या अटीवर मी अर्जावर सही करू देत नाही.

मुलीच्या नावाने आलेली एक ओळ

पतीच्या बाजूने आलेल्या मसुद्यात एक वाक्य होतं: पत्नी व मुलगी यांचा पतीच्या कुटुंबाच्या शेतजमिनीवर कोणताही हक्क राहणार नाही.

पत्नीपुरतं ते ठीक होतं. मुलीचं नाव आम्ही काढायला लावलं. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्माने सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेतली हिस्सेदार) आहे, आणि आईवडिलांचा घटस्फोट झाल्याने तिचा हक्क जात नाही. शिवाय अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाला सोडता येत नाही. जमीन खरोखर वडिलोपार्जित आहे की सासऱ्यांची स्वकष्टार्जित, हे आम्ही ठरवलं नाही. ठरवायची गरजही नव्हती. ती ओळ गेली, एवढं पुरे होतं. अशा ओळी बहुतेक वेळा कुणी वाईट हेतूने घालत नाही, जुन्या मसुद्यातून उचललेल्या असतात. म्हणून त्या अधिक काळजीने वाचायच्या.

क्रम कसा लावला

संमतीच्या घटस्फोटात, म्हणजे कलम १३ब मध्ये, अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची असते. त्या तारखेपर्यंत कुणीही एकजण माघार घेऊ शकतो. २०१७ पासून, पुरेसा काळ वेगळं राहणं झालेलं असेल आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं मिटलेलं असेल, तर हे सहा महिने माफ करायची विनंती करता येते. पतीला तसा अर्ज करायचा होता. आम्ही नको म्हटलं. गुंतवणूक मोडणं, कर्ज बंद करणं, मूळ कागद सोडवणं, दस्त नोंदवणं, या सगळ्याला वेळ लागणारच होता. ही कामं घटस्फोटाच्या आधी झालेली आम्हाला हवी होती.

कारण पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "हुकूमनाम्यापासून सहा महिन्यांत पती कर्ज फेडून हिस्सा हस्तांतरित करील." आणि नाही केला तर? तर पत्नीने दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावायची आणि तारखा मोजायच्या.

शिवाय एक पैशाचा मुद्दा होता. महाराष्ट्रात राहतं घर पतीने पत्नीला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. शहराप्रमाणे लागणारा अधिभार वेगळा. घटस्फोट झाल्यावर ती पत्नी राहत नाही. मग तोच हिस्सा द्यायला खरेदीखताच्या दराने शुल्क लागतं, आणि वडिलोपार्जित नसलेल्या मालमत्तेच्या हक्कसोडपत्रालाही तोच दर. इथे ते दोन लाखांच्या पुढे गेलं असतं.

आता भीती पतीची होती, आणि रास्त होती: मी घर देऊन बसलो आणि शेवटच्या तारखेला ती आलीच नाही तर? यावर पूर्ण बिनधोक उपाय नाही. आम्ही धोका दोघांत वाटला. जानेवारी २०२२ मध्ये अर्ज दाखल झाला. संमतीअटींत तारखा घातल्या आणि दोघांनी त्या पाळण्याची लेखी हमी न्यायालयाला दिली. अशी हमी मोडली तर न्यायालयाच्या अवमानाचा प्रश्न येतो. पतीचे १४ लाख पत्नीच्या हातात न देता थेट कर्जखात्यात गेले. पत्नीचे ८ लाख त्याच आठवड्यात भरले गेले, म्हणजे तिचाही पैसा अडकला. बँकेकडून मूळ कागद आल्यावर, अंतिम तारखेच्या चार दिवस आधी, बक्षीसपत्राची नोंदणी झाली. त्या दिवशी दोन्ही वकील दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात होते.

मध्ये एकदा सगळं मोडायला आलं होतं. मे महिन्यात बाजार पडला, म्युच्युअल फंडाची किंमत उतरली आणि पतीने निरोप पाठवला की आता १४ जमणार नाहीत, ११ देतो. पत्नीचा भाऊ म्हणाला, न्यायालयात खेचा. आम्ही रक्कम कमी केली नाही, मुदत सहा आठवड्यांनी वाढवली आणि त्याला ठेवी आधी मोडून फंड नंतर काढायला सुचवलं. जुलैत पूर्ण रक्कम आली.

निष्पत्ती

ऑगस्ट २०२२ मध्ये घटस्फोटाचा हुकूमनामा झाला. फ्लॅट पत्नीच्या एकटीच्या नावावर, कर्ज शून्य. सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), वीज आणि मालमत्ता कराची नोंद बदलायला आणखी काही महिने गेले. मुलीचा ताबा आईकडे, वडिलांची भेट पंधरवड्याला आणि सुट्ट्यांत. मुलीला महिना २०,०००, दरवर्षी ८ टक्के वाढ.

पुढच्या वर्षी पत्नीला एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात ३२,००० ची नोकरी लागली. संध्याकाळच्या शिकवण्या चालूच आहेत. भावाचे पैसे फिटले.

पतीने नोकरी बदलली तेव्हा मुलीची रक्कम तीन महिने थकली. दरखास्त दाखल केल्यावर ती एकदम भरली गेली. पत्नीची स्वतःची पोटगी मासिक असती, तर त्याच तीन महिन्यांत तिचं घर किती अडचणीत आलं असतं, हे तिने मला फोनवर सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

आरोग्य विमा. पत्नीला पतीच्या कंपनीच्या गट विम्याचं संरक्षण होतं आणि ते घटस्फोटाबरोबर संपलं. स्वतःची पॉलिसी तिने त्यानंतर घेतली, त्यामुळे जुन्या थायरॉइडसाठी तिला प्रतीक्षा कालावधी लागला. वेगळं राहायला लागल्याबरोबरच, लग्न कागदावर असतानाच, ही पॉलिसी घ्यायला हवी होती.

आयुर्विमा. मुलीची रक्कम पूर्णपणे वडिलांच्या कमाईवर उभी आहे. विवाहित महिला मालमत्ता कायदा १८७४ च्या कलम ६ खाली पुरुषाने पत्नी किंवा मुलांसाठी घेतलेली पॉलिसी विश्वस्त निधीसारखी त्यांच्यासाठी बांधली जाते. ती त्याच्या घेणेकऱ्यांच्या हाती लागत नाही. मुलीच्या नावे अशी एक टर्म पॉलिसी अटींत घालता आली असती. नुसतं नामनिर्देशन पुरेसं नाही, कारण ते विमाधारक केव्हाही बदलू शकतो.

शिक्षणाचं कलम. "उच्च शिक्षणाचा निम्मा खर्च पती करील" एवढंच लिहिलं होतं. दहावीनंतर प्रवेश परीक्षेच्या क्लासची फी समोर आली आणि क्लास हे उच्च शिक्षण आहे का यावर दोघांत दोन महिने पत्रापत्री झाली. शेवटी पतीने एक तृतीयांश भरला. आता मी अशा कलमात क्लास, वसतिगृह, लॅपटॉप, प्रवेश शुल्क असं एकेक नाव लिहिते, वर्षाची कमाल मर्यादा घालते आणि पावती दिल्यापासून किती दिवसांत पैसे द्यायचे तेही.

आणि मुलीच्या रकमेची मुदत. अटींत ती "शिक्षण पूर्ण होईपर्यंत" आहे. मुलगी २०२७ मध्ये अठरा वर्षांची होईल. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ च्या कलम २० प्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी अठरानंतरही राहते, आणि ती आईवडील दोघांवर असते. शिक्षण संपलं पण नोकरी लागली नाही, असा मधला काळ अटींनी मोकळा सोडला आहे. तो आला तर मुलीला स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागेल. आईने सही केलेल्या अटी तिचा तो हक्क अडवू शकत नाहीत, हे मी तिला आणि तिच्या आईला लेखी देऊन ठेवलं आहे.